पद्मिनीचा निळा धूर आणि वाचलेला ब्लॉक: घरच्या शेडमधल्या एका इंजिनकामाचं प्रकरण

निळा धूर सोडणारी प्रीमियर पद्मिनी कुठल्याही जुन्या गॅरेजमध्ये नेली की निदान दारातच होतं. पिस्टनवरच्या रिंगा गेल्या, ब्लॉक बोअर करा म्हणजे सिलिंडर कातून रुंद करा, नवे पिस्टन टाका, पिस्टनच्या जोरावर फिरणारा क्रँकचा दांडा घासून घ्या, फुल इंजिन करून टाका. पुष्कळदा ते बरोबरही निघतं, म्हणून त्याला कुणी आडवं येत नाही. या प्रकरणात ते निम्मं बरोबर होतं. नेमक्या चुकलेल्या निम्म्यावर मात्र जास्त पैसे जाणार होते.

गाडी माझ्या मेव्हण्याची, १९८५ ची, पेट्रोल, त्याच्या वडिलांनी नवी घेतलेली. काम झालं कोल्हापुरात, कळंब्याला त्याच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मेव्हण्याचे इचलकरंजीत माग आहेत, त्यामुळे पाना-पकड त्याच्या हाताला नवी नाही. मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात असतो, म्हणजे दिवसभर मायक्रोमीटर हातात. दोघांपैकी एकानंही याआधी गाडीचं इंजिन पूर्ण बांधलेलं नव्हतं.

हे इंजिन शिकाऊ माणसाला सोपं जातं. फियाटनं १९५३ मध्ये इटलीत आणलेल्या ११०० च्या घराण्यातलं ते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात प्रीमियर कंपनीनं ते कित्येक वर्षं बनवलं. गाडीला पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये मिळालं. चार सिलिंडर, १०८९ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ७५ मिमी, ताकद ४० हॉर्सपॉवरच्या आसपास. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात, वर पुशरॉड आणि रॉकर. सेन्सर वगैरे काही नाही. बॉनेट उघडलं की बाजूला माणूस उभा राहील एवढी जागा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत हीच गाडी ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती, त्यामुळे सुटे भागही अजून निघतात. पुण्याच्या नाना पेठेत आणि कुर्ल्याच्या जुन्या बाजारात चिकाटीनं विचारावं लागतं, इतकंच.

तक्रारी चार होत्या. सकाळी चालू करताना निळा धूर. ऑईल पिणं. गरम झाल्यावर आयडलिंगला ऑईलचा लाल दिवा लुकलुकणं. आणि चढाला दम नसणं, त्यातच काटा लालकडे झुकणं. ज्या गॅरेजनं फुल इंजिन सांगितलं, तिथं हेड आणि ब्लॉकमधल्या गॅस्केटबद्दल विचारल्यावर उत्तर आलं, "पाण्यात ऑईल न्हाई, ऑईलात पाणी न्हाई, गॅस्केट कशाला जाईल?"

इंजिन उतरवण्याआधी कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते मोजलं. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. आकडे पाउंडात (दर चौरस इंचाला): पहिला ११८, दुसरा ८२, तिसरा ८५, चौथा ११५. मग प्रत्येक प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा घेतलं. पहिला आणि चौथा दहाएक पाउंडांनी वर गेले. दुसरा आणि तिसरा जागचे हलले नाहीत.

माझ्या मते अर्धं प्रकरण या आठ आकड्यांतच सुटतं. ऑईल टाकल्यावर रिंगा थोडा वेळ सील होतात. गळती रिंगांतून असेल तर आकडा चढतो. चढला नाही तर गळती वर आहे, व्हॉल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये. आणि एकमेकांशेजारचेच दोन सिलिंडर सारखेच खाली असतील तर पहिला संशय त्यांच्यामधल्या गॅस्केटच्या चिंचोळ्या पट्टीवर. ती पट्टी जळाली की एका सिलिंडरचा दाब दुसऱ्यात जातो, पाण्याचा किंवा ऑईलचा तिथं संबंधच येत नाही. "पाण्यात ऑईल नाही" या उत्तरानं इथं काहीच सिद्ध होत नव्हतं.

धुराचाही नीट विचार केला. रत्नागिरीकडे जाताना आंबा घाट उतरून साखरप्यात चहाला थांबायचं आणि पुन्हा निघताना पहिल्या रेसला मागं निळा ढग, हे घरातल्या सगळ्यांच्या पाठ झालं होतं. येताना तोच घाट चढताना मात्र धूर नाही. उतारावर पाय उचललेला असतो, थ्रॉटल बंद, चाकं इंजिनाला फिरवत असतात. इनटेकमध्ये जोराची ओढ तयार होते आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीतून, ऑईल खाली खेचलं जातं; पुढच्या रेसला ते जळतं. रिंगा गेल्या असत्या तर चढावर, भार असताना धूर जास्त दिसला असता. सकाळचा धूरही त्यातलाच, रात्रभर गाइडमधून झिरपलेलं ऑईल.

उरला लाल दिवा. त्याचं मूळ हेडमध्ये असण्याची शक्यता कमी. गरम ऑईल पातळ होतं, बेअरिंगमधली फट वाढलेली असली की ते तिथून निसटतं आणि आयडलिंगला दाब टिकत नाही. तेवढ्यासाठी खालचं उघडावंच लागणार होतं, म्हणजे इंजिन बाहेर. "दाजी, मग सगळंच करून टाकूया की," मेव्हणा म्हणाला. सगळंच उघडूया, पण मोजल्याशिवाय एकही भाग विकत आणायचा नाही, असं ठरलं. नंतरच्या प्रत्येक वादात त्याच ठरावाचा आधार घ्यावा लागला, कारण बाजारात गेलं की पिस्टन सेट समोर दिसतो आणि हात शिवशिवतात.

उतरवण्यात सांगण्यासारखं फार नाही. शेडच्या आडव्या गर्डरला चेन पुली, प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर लिहिलेली खूण, बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, डब्यावर मार्करनं नाव. हेड चिकटून बसलं होतं. अशा वेळी स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह होतो आणि अॅल्युमिनियमच्या फेसवर जन्माचा ओरखडा पडतो. लाकडी हातोडीनं चारी बाजूंनी ठोकत बसणं कंटाळवाणं, पण तेच बरं. हेड उचललं आणि दोन नंबर-तीन नंबरच्या मध्ये गॅस्केटवर काळी, जळकी रेघ दिसली. स्टीलची सरळ पट्टी हेडवर आडवी ठेवली तर त्याच जागी ०.२० मिमीचा फिलर, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, खालून सरकत होता. ०.०५ च्या पुढं गेलं की मला झोप लागत नाही, हे तर चौपट.

हेड वाकतं ते तापल्यामुळं. मग गाडी तापत का होती? थर्मोस्टॅटच्या जागी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, नव्हताच. "गाडी गरम होते" म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. त्यानं मूळ रोग जात नाही. उलट एरवी गावात इंजिन थंडच चालतं आणि ऑईलचा चिखल होतो. मूळ रोग रेडिएटरमध्ये होता, निम्म्या नळ्या क्षारानं बंद. वर्षानुवर्षं त्यात नळाचं किंवा बोअरवेलचं पाणी घातलेलं. ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची झाकणं, म्हणजे वेल्श प्लग, काढले तर चौथ्या सिलिंडरमागच्या पाण्याच्या जागेत तांबूस गाळ दाबून बसलेला, तो वाकवलेल्या तारेनं कोरून काढावा लागला. हेडमधल्या पाण्याच्या भोकांच्या कडाही खाल्लेल्या होत्या. फुल इंजिनचा जो हिशेब मिळाला होता त्यात रेडिएटरचं नावही नव्हतं. म्हणजे नव्या बोअरचं, नव्या पिस्टनचं इंजिन त्याच अर्ध्या बंद रेडिएटरवर चढलं असतं आणि पुन्हा हेड वाकेपर्यंत छान चाललं असतं.

आता बोअर. मी बोअर गेज वापरला, पण ज्याच्याकडे तो नाही त्यानं एक रिंग आणि फिलर एवढ्यावर भागवावं. नवी रिंग सिलिंडरच्या अगदी तळाशी, जिथं पिस्टनची रिंग कधी पोचत नाही तिथं ठेवायची, पिस्टननं ढकलून सरळ करायची आणि तोंडाची फट मोजायची. मग तीच रिंग वर, कडेच्या किंचित खाली आणून पुन्हा मोजायची. सर्वांत झिजलेल्या तीन नंबरमध्ये तळाला ०.३० मिमी आणि वर ०.५२ मिमी आली. फरक ०.२२. व्यास वाढला की परीघ ३.१४ पटीनं वाढतो, म्हणून ०.२२ भागिले ३.१४, साधारण ०.०७ मिमी झीज. बोअर गेजनंही तेवढीच दाखवली. या पद्धतीनं लंबगोलपणा कळत नाही, त्याला गेजच लागतो. तोही मर्यादेत होता.

०.१५ मिमीच्या पुढं झीज गेली की बोअर करावा, हा आम्ही धरलेला दंडक. इथं निम्म्यावर होतो. पिस्टनच्या खाचेत नवी रिंग घालून बाजूची फट पाहिली, तीही ठीक. म्हणजे ब्लॉक बोअर करायची गरज नव्हती, पिस्टनही तेच चालणार होते. ब्लॉक वाचवण्याचं आणखी एक कारण आहे, ते पुष्कळांच्या लक्षात येत नाही. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच आरसी बुकात. प्रत्येक बोअरनं ब्लॉकचं आयुष्य एक पायरी कमी होतं, आणि ब्लॉक बदलायची वेळ आली की आरटीओत खेटे आले. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं नोंदणी नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी येतंच, तेव्हा नंबर जुळलेला बरा.

क्रँकनं मात्र गॅरेजवाल्याला खरं ठरवलं. दोन आणि तीन नंबरच्या बिग एंड पिना, म्हणजे क्रँकवर कनेक्टिंग रॉड बसतो त्या जागा, ०.०६ मिमी लंबगोल झालेल्या, एकीवर नखाला लागेल अशी रेघ. क्रँक ब्लॉकमध्ये टेकतो ते मेन जर्नल तिन्ही चांगले, नुसत्या पॉलिशवर भागणारे. ऑईल पंपाच्या गिअरांतली फट पाहिली, तिथं दोष नव्हता. निर्णय झाला: चारही पिना पहिल्या अंडरसाइजला, म्हणजे ०.२५४ मिमी, ज्याला बाजारात दहा थाऊ म्हणतात. मेनला नवी स्टँडर्ड बेअरिंग. रिंगाही स्टँडर्ड. नाना पेठेतल्या दुकानदारानं माळ्यावरून रिंगांचा डबा काढताना बोलून दाखवलं की टॅक्सीवाले नेहमी बोअर केलेल्या ब्लॉकसाठीच्या ओव्हरसाइज मागायचे, स्टँडर्डला गिऱ्हाईकच नाही.

ब्लॉक होनिंगचं काम आम्ही घरी केलं, ड्रिलला तीन पायांचा होन लावून. उद्देश मापं बदलणं नव्हे, आरशासारखा झालेला पृष्ठभाग खरबरीत करणं, म्हणजे नव्या रिंगा बसतात आणि ऑईल धरून राहतं. ड्रिल फिरत असताना हात वर-खाली एका लयीत, एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी दिसेपर्यंत. सिलिंडरच्या तोंडाशी न झिजता राहिलेली वरची कडा आधी काढून घेतली होती. ती राहिली तर नव्या रिंगेचा धारदार कोपरा तिच्यावर आपटून रिंग तुटते.

होनिंगनंतरचं धुणं हा माझ्या दृष्टीनं अख्ख्या कामातला सर्वांत महत्त्वाचा तास. बहुतेक जण डिझेलनं धुतात. डिझेल चिकटपणा काढतं, पण होनच्या दगडाची पूड बिडाच्या रेघांत तशीच ठेवतं. ती निघते कढत पाण्यानं आणि कपडे धुण्याच्या पावडरीनं, ब्रशनं घासून. आम्ही ब्लॉक अंगणात घेतला, बंबातलं पाणी ओतत घासला, आणि पांढऱ्या सुती फडक्याचा बोळा सिलिंडरमध्ये फिरवला. करडा डाग. पुन्हा पाणी, पुन्हा ब्रश. फडकं पांढरं बाहेर येईपर्यंत हेच. मग लगेच सुकवून ऑईलचा हात, नाहीतर बिडाला डोळ्यांदेखत तांबूस छटा चढते.

बाकीची यंत्रकामं उद्यमनगरात. कोल्हापूरकराला शिवाजी उद्यमनगराचं कौतुक सांगायला नको. लेथ, ग्राइंडर, बोरिंग मशीन, आर्गन वेल्डिंग, सगळं चालत जाण्याच्या अंतरात. क्रँक घासणारे मिस्त्री पासष्टीचे. मी काही बोलायच्या आत त्यांनीच पिनेच्या कोपऱ्यातली गोलाई बोटानं दाखवली आणि म्हणाले, "हितं कोपरा धारदार सुटला की क्रँक हितंच मोडतो बघा. रेडियस ठेवून देतो." हे ज्याला सांगावं लागत नाही त्याच्या हातात क्रँक द्यावा.

हेडचं काम दुसऱ्या एका दुकानात दिलं. खाल्लेल्या कडा आर्गननं भरल्या, फेस घासून सपाट केला, गाइड आठही नवे. एक्झॉस्टच्या सीटबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह जिथं टेकून बंद होतो त्या कड्यांबद्दल, मात्र आमच्यात वाद झाला. शिसंयुक्त पेट्रोल देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. शिशाचा पातळ थर जुन्या मऊ सीटना जपायचा, तो गेला. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली) फट आपोआप कमी होते. मेव्हण्याचीही तक्रार होतीच की एक्झॉस्टचे टॅपेट पुन्हा पुन्हा घट्ट होतात. वर्षाला थोडेच किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला कडक सीट लागतात असं मी मानत नाही. पण दोन सीट आधीच खोल बसलेल्या होत्या, त्या बदलायच्याच, मग चारही एक्झॉस्ट कडक टाकल्या. बोअरचे वाचलेले पैसे असे हेडमध्ये गेले.

व्हॉल्व्ह घासणं घरी. रबरी टोकाची काठी, कार्बोरंडम पेस्ट, दोन तळव्यांत काठी फिरवणं, मध्येच व्हॉल्व्ह उचलून जागा बदलणं. सीटवर सलग, मातकट करडी पट्टी आली की थांबायचं. जास्त घासलं की पट्टी रुंद होते आणि सील बिघडतं. मग प्लग लावून हेड उलटं ठेवलं आणि ज्वलनकक्षात पेट्रोल ओतलं. पोर्टमधून थेंब आला तर तो व्हॉल्व्ह पुन्हा. तिसऱ्याचा एक्झॉस्ट हट्टी निघाला.

क्रँक परत आला तो चकचकीत, कागदात गुंडाळून, "वॉशिंग केलंय, डायरेक्ट बसवा" अशा आश्वासनासह. दुकानातल्या पोरानं वरून धुतला होता हे खरं. क्रँकच्या पोटात मेनपासून पिनेपर्यंत तिरपी ऑईलची भोकं असतात. सायकलचा स्पोक घालून फिरवला, वरून हवा मारली, तर ग्राइंडिंगचा काळा गाळ बाहेर आला. तो आत राहिला असता तर पहिल्या मिनिटालाच ऑईलबरोबर नव्या बेअरिंगमध्ये गेला असता.

बांधताना प्रत्येक बेअरिंगवर प्लास्टीगेज टाकलं. मेणासारखा बारीक धागा, पिनेवर ठेवायचा, कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळायची, क्रँक अजिबात हलवायचा नाही, कॅप उघडून चेपलेल्या धाग्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडायची. सगळीकडे ०.०४ ते ०.०६ मिमी. कॅप आपापल्या नंबरावर, आपापल्या दिशेनं. रिंगांची तोंडं एका रेषेत नाहीत हे पाहिलं, टायमिंग चेनच्या खुणा जुळवल्या, हेड मधून बाहेरच्या दिशेनं टप्प्याटप्प्यानं आवळलं. रेडिएटरचा गाभा नवा भरून घेतला, थर्मोस्टॅट बसवला, आणि पाण्याऐवजी कूलंट घातलं.

पेट्रोलची बाजू वेगळी पाहावी लागली. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९८५ च्या रबराला ते मानवत नाही. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे होस बदलले. इथेनॉलमुळं हवा-पेट्रोलचं मिश्रण किंचित पातळ होतं, म्हणून सोलेक्स कार्ब्युरेटरचा मेन जेट एक माप मोठा लावला. प्लग आधी पांढरट येत होते, आता बिस्किटी येतात.

चालू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर मारला, लाल दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावले. चालू झालं. पहिल्यांदा गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर हेड पुन्हा आवळलं, टॅपेट पुन्हा लावले.

रिंगा बसवण्याबद्दल जुन्या लोकांचा सल्ला असतो की नवं इंजिन हळू चालवा, रेस देऊ नका. माझं मत उलट आहे. रिंग भिंतीवर दाबली जाते ती ज्वलनाच्या दाबानं, आणि आयडलिंगला तो दाब नसतो. शेडमध्ये तासभर घुरघुरत ठेवलं तर होनच्या रेघा रिंगा बसण्याआधीच गुळगुळीत होतात. आम्ही गाडी सरळ गारगोटी रस्त्याला काढली. तिसऱ्या गिअरमध्ये दाबून रेस, मग पाय उचलून आपोआप हळू, पुन्हा रेस. साधं मिनरल २०डब्ल्यू-५० ऑईल, ५०० किमीला बदललं. निघालेल्या ऑईलमध्ये चुंबक फिरवला तर बारीक पूड आली, चकाकणारे कण नव्हते.

१,००० किमीनंतरचं कॉम्प्रेशन: १३२, १३०, १३३, १३१. लाल दिवा गरम आयडलिंगलाही विझलेला. आंबा घाट उतरून साखरप्यातून निघताना मागं काही दिसत नाही. ऑईलची पातळी दोन खुणांमध्येच राहते. काटा चढावर मध्यापलीकडे जात नाही, आणि थर्मोस्टॅट असल्यामुळं पावसाळ्यातल्या सकाळीही तो तिथवर पोचतो, जे आधी होत नव्हतं.

इंजिनच्या मागच्या बाजूनं, क्लच हाउसिंगखाली, रात्रभर उभ्या गाडीखाली ऑईलचा एक थेंब पडतो. रॉकर कव्हर आणि संप दोन्ही कोरडे आहेत, त्यामुळं संशय मागच्या सीलवर. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागेल. क्लच प्लेट अजून चांगली आहे. ती संपेल तेव्हा दोन्ही एकदम करायचं ठरलंय. तोवर शेडमध्ये गाडीखाली पुठ्ठा टाकलेला असतो आणि मेव्हणा दर रविवारी डिपस्टिक पाहतो.